छातीत नळी असूनही फुफ्फुस पुन्हा का मिटलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुफ्फुसाला बारीक भोक पडून छातीच्या पोकळीत हवा साठली. छातीत नळी टाकली, बाटली लावली आणि दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत फुफ्फुस फुललेलं दिसलं. तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅनला नेताना कुणीतरी नळीला चिमटा लावला. तासाभराने परत आणलं तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, ओठ निळसर पडले होते, मान आणि गाल सुजले होते. धावपळ करून दुसरी नळी टाकावी लागली. 'नळी आतच होती, मग हवा साठली कशी? चूक नळीची, माणसांची की आजाराची?'

छातीच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि हा प्रश्न मला नातेवाइकांइतकाच शिकाऊ डॉक्टरांनीही विचारला आहे. आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर तो चिमटाच कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नळी आत असणं वेगळं आणि नळी मोकळी असणं वेगळं. ज्या फुफ्फुसातून हवा गळतेच आहे त्याची नळी बंद केली, की त्या हवेला दुसरी वाटच राहत नाही.

हे नीट कळायला बाटली काय करते ते आधी बघू. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. शांतपणे श्वास सोडल्यावर उणे ५ सेंमी पाण्याइतका, आत घेताना उणे ८ च्या आसपास. या ओढीवरच फुफ्फुस फुगलेलं राहतं. भोक पडून त्या फटीत हवा शिरली की ओढ जाते आणि फुफ्फुस आपल्याच लवचिकपणाने आक्रसतं. नळीचं काम एवढंच, की ती हवा बाहेर जाऊ द्यायची आणि बाहेरची आत येऊ द्यायची नाही. त्यासाठी नळीचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली साधारण २ सेंमी बुडवून ठेवतात. श्वास सोडताना, खोकताना आतली हवा ते २ सेंमी पाणी सहज ढकलून बुडबुड्यांच्या रूपात निघून जाते. श्वास घेताना हवेऐवजी पाणीच नळीत थोडं वर चढतं आणि परत उतरतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्ये ही युक्ती वापरली आणि आजचे तीन कप्प्यांचे प्लास्टिकचे डबेसुद्धा तिच्यावरच चालतात. पाण्याच्या या झडपेत स्प्रिंग नाही, हलणारा सुटा भाग नाही, त्यामुळे ती आपणहून फारशी बिघडत नाही. बिघडते ती जोडताना, हलवताना आणि बंद करताना.

आता चिमटा. समजा प्रत्येक श्वासाला फक्त २० मिली हवा गळते आहे. मिनिटाला १५ श्वास धरले तर ३०० मिली झाली, म्हणजे दहा मिनिटांत ३ लिटर. प्रत्यक्षात फुफ्फुस मिटत गेलं की गळतीही मंदावते, त्यामुळे हा हिशेब शेवटपर्यंत असाच चालत नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे. त्यात कित्येकदा ते भोक एकेरी झडपेसारखं वागतं. श्वासाबरोबर हवा बाहेर फटीत येते आणि परत जात नाही. मग फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि बीपी कोसळतं. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. त्यात माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

म्हणूनच ज्या नळीतून बुडबुडे येत आहेत तिला चिमटा लावायचा नाही, हा आमच्या शाखेतला जवळपास एकमेव नियम आहे ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही तो स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही चिमटा लागतो, आणि तो निष्काळजी माणूस लावतो असं समजू नका. उलट काळजी करणाराच लावतो. पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा आहे, वाटेत बाटली कलंडली तर काय, उचलताना पाणी छातीत गेलं तर काय, या भीतीपोटी तो खिशातला आर्टरी फोर्सेप (म्हणजे हाच चिमटा) काढतो आणि 'सेफ' करून टाकतो. बाटली कलंडण्याची भीती खोटी नाही. पण बाटली कलंडली तर ती सरळ करून पेशंटला दोनदा खोकायला लावता येतं. चिमटा मात्र चादरीखाली झाकला जातो आणि तो लावलाय हे लावणाऱ्याशिवाय कुणाला माहीतच नसतं.

अपवाद आहेत, तेही सांगतो, नाहीतर पुढे कुठे चिमटा दिसला की तुम्ही घाबराल. बाटली बदलताना काही सेकंद नळी दाबून धरावी लागते. छातीत खूप पाणी साठलेलं असेल तर ते एकदम निघू नये म्हणून लिटर-दीड लिटरनंतर नळी थोडा वेळ बंद ठेवतात. दिवसेंदिवस मिटून राहिलेलं फुफ्फुस झटक्यात फुललं तर त्यातच पाणी भरू शकतं. पूर्ण फुफ्फुस काढलेल्या पेशंटमध्ये नळी मुद्दाम बंद ठेवून ठरावीक वेळाने उघडण्याची पद्धत आहे. आणि नळी काढण्याआधी गळती थांबली का हे बघायला काही सर्जन काही तास ती बंद करून एक्स-रे काढतात. पण तेव्हा पेशंट नजरेसमोर असतो आणि चिमटा का लावलाय, किती वाजता उघडायचा, हे फाइलवर लिहिलेलं असतं.

मान आणि गाल सुजले, हे तुम्ही नीट टिपलंत. ती सूज पाण्याची नाही, हवेची. कोंडलेली हवा नळीच्या कडेने, जिथे छातीला छेद दिला तिथून, कातडीखाली पसरते. बोटाने दाबलं तर चुरचुर लागते, जणू भुसभुशीत हिमावर बोट ठेवलंय. दिसायला भयंकर, डोळेसुद्धा मिटून जातात, पण बहुतेक वेळा जिवाला धोका त्या सुजेचा नसतो. ती निरोप्यासारखी आहे. आत हवा तयार होते आहे आणि नळी ती नेत नाही, एवढं ती सांगते. ती दिसली की आधी नळी बघायची.

आता दुसऱ्या चुका. चिमटा निदान डोळ्यांना दिसतो. काही चुकांमध्ये बाटली छान चाललेली दिसते आणि पेशंट खालावत जातो.

मी शिकाऊ असतानाची एक रात्र सांगतो. तरुण मुलगा, संध्याकाळी नळी टाकलेली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९६ टक्के होतं ते रात्री ८८ वर आलं. सिस्टर म्हणाल्या, 'सर, बबलिंग तर मस्त चालू आहे.' मीही बाटलीकडे बघितलं, बुडबुडे येत होते, आणि मी ऑक्सिजन वाढवून निघून गेलो. वीस मिनिटांनी परत बोलावलं. या वेळी मी खाली बसलो, एक हात त्याच्या छातीवर आणि नजर बाटलीवर. छाती वर उचलली जात होती तेव्हा बुडबुडे येत होते. खाली जाताना नाही. आणि बाटलीशेजारची फरशी ओली होती. मावशींनी ती दोनदा पुसली होती, कुणाला काही वाटलं नव्हतं.

झालं होतं असं. काचेच्या साध्या बाटलीच्या झाकणाला दोन नळ्या असतात. लांब नळी पाण्यात बुडालेली, आखूड नळी पाण्याच्या वर, हवा बाहेर जायला. पेशंटची नळी लांब नळीला जोडायची असते. बाटली रिकामी करून परत लावताना ती आखूड नळीला जोडली गेली होती. मग सगळं उलटं होतं. पेशंट श्वास घेतो तेव्हा खोलीतली हवा लांब नळीतून, २ सेंमी पाण्यातून बुडबुडत बाटलीत येते आणि तिथून थेट त्याच्या छातीत. श्वास सोडतो तेव्हा बाटलीतली हवा दाबली जाते, पण तिला बाहेर पडायचं तर अख्खा पाण्याचा खांब लांब नळीतून वर ढकलावा लागतो. म्हणून खोकल्यावर त्या नळीतून पाण्याची चिळकांडी उडत होती आणि फरशी ओली होत होती. म्हणजे आम्ही ज्या बुडबुड्यांवर खूश होतो ते छातीतून बाहेर येणारे नव्हतेच, छातीत जाणारे होते. नळी बदलून जोडली, त्याला खोकायला सांगितलं, आणि बाटली अक्षरशः खदखदली. पाच मिनिटांत तो पाणी मागायला लागला.

त्या रात्रीपासून मी 'बबलिंग आहे का' असं विचारत नाही, 'कुठल्या श्वासाला आहे' असं विचारतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये गणित उलटतं. यंत्र हवा आत ढकलतं तेव्हाच गळती होते, त्यामुळे तिथे आत घेताना येणारे बुडबुडे बरोबर असतात.

फसवे बुडबुडे आणखी एका तऱ्हेने येतात. छातीतल्या नळीला टोकाशी बाजूने भोकं असतात. नळी थोडी बाहेर सरकली आणि शेवटचं भोक कातडीबाहेर आलं, की खोलीतली हवा तिथून ओढली जाते आणि बाटलीत बुडबुडे येत राहतात, सक्शन, म्हणजे हवा ओढणारी यंत्रणा, लावलेलं असेल तर धो धो. फुफ्फुस मात्र फुलत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. नळी छातीजवळ दोन-चार सेकंद दाबून बघायची. बुडबुडे थांबले तर हवा छातीकडून येते आहे, चालूच राहिले तर पुढच्या नळीत किंवा जोडावर गळती आहे. छातीकडून येत असेल तर ड्रेसिंग उघडून ते भोक दिसतंय का, हेही बघावं लागतं. भोक कातडीबाहेर नसून कातडीखालीच अडकलं असेल तर हवा थेट तिथे पसरते आणि तीच सूज येते.

सक्शनची चूक तर फारच साधी. बाटलीचा हवा बाहेर जायचा मार्ग सक्शनच्या नळीला जोडलेला असतो. सक्शन नको म्हणून कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं, नळी मात्र काढत नाही. आता बाटलीची बाहेर जायची वाट त्या बंद नळीने अडवली. चिमटा नाही, पीळ नाही, तरी नळी बंदच. काही डब्यांमध्ये जास्तीचा दाब सोडणारी झडप असते, सगळ्यांमध्ये नसते. सक्शन थांबवायचं म्हणजे नळी काढूनच थांबवायचं. हाच प्रकार बाटलीच्या आखूड नळीवर चिकटपट्टी लावल्याने होतो. 'घाण वास येतो म्हणून' अशी पट्टी लावलेली मी स्वतः काढली आहे.

पेशंट हिंडताफिरता असला की बाटलीऐवजी हाइम्लिक व्हॉल्व्ह लावतात, एका पारदर्शक नळकांड्यात चपटी रबरी जीभ. घशात अडकलेला घास काढायच्या युक्तीला ज्यांचं नाव आहे तेच हे हेन्री हाइम्लिक. ही झडप एकाच दिशेने चालते आणि दोन्ही बाजूंना नळी बसू शकते, त्यामुळे ती उलटी लागू शकते. उलटी लागली की हवा आत येते, बाहेर पडत नाही. झडपेवर बाण असतो. तो पेशंटपासून दूर जाणारा हवा, बस.

पिगटेल, म्हणजे टोकाला वेटोळं असलेल्या बारीक नळीला तिहेरी तोटी असते. पाण्याचा नमुना घ्यायला ती फिरवतात आणि परत फिरवायचं राहून जातं. लघवीची पिशवी लावण्याचं खूळही आहे. छातीतलं फक्त पाणी काढायचं असेल तर ते एकवेळ चालून जातं, पण हवा गळत असेल तर नाही. त्या पिशवीला आत घेणारी झडप असते, हवा बाहेर जायला मार्ग नसतो. पिशवी फुग्यासारखी टम्म होते, आणि टम्म झाली म्हणजे नळी बंद झाली.

एका बाटलीच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट हळूहळू बिघडते. छातीतून हवेबरोबर रक्त किंवा पाणीही येत असेल तर बाटली भरत जाते आणि २ सेंमी बुडालेलं टोक १० सेंमी, १५ सेंमी बुडतं. हवेला आता तेवढं पाणी ढकलावं लागतं. दमलेल्या पेशंटला ते जमत नाही. कुणी काही 'केलं' नाही, फक्त बाटली वेळेवर रिकामी केली नाही. नळी पलंगावरून लोंबून तिचा झोल पडला आणि त्यात रक्त साचलं, तरी हेच होतं. म्हणून साचलेलं रक्त पुढे सरकवायला नळी पिळून दोहण्याची जुनी सवय आहे. मी ती करू देत नाही. त्याने छातीत क्षणभर शेकडो सेंमी पाण्याइतकी ओढ तयार होऊ शकते. झोल काढला तर बहुतेक काम होतं.

तुमच्या तिसऱ्या शंकेकडे येतो, की हा आजारच असू शकतो का. हो, असू शकतो. भोक मोठं असेल तर नळी वाहून नेऊ शकते त्यापेक्षा जास्त हवा गळते, विशेषतः नळी बारीक असेल तर. फुफ्फुसाच्या दुसऱ्या भागात नवं भोक पडू शकतं. नळी रक्ताच्या गुठळीने आतून बंद होऊ शकते. फुफ्फुस आणि छातीची भिंत जागोजागी चिकटलेली असेल तर नळी एका कप्प्यात आणि हवा दुसऱ्यात असंही होतं. त्यामुळे लांबून निकाल देणं मला शोभणार नाही. पण फाइलमध्ये चार गोष्टी बघितल्या तर तुम्हाला बरंचसं कळेल. सीटीला नेण्याआधी बुडबुडे येत होते का, याची नोंद. चिमटा किती वाजता लावला आणि किती वाजता काढला. काढल्याबरोबर बाटलीत हवेचा मोठा लोट आला का. आणि दुसरी नळी टाकल्यावर पहिलीचं काय केलं. चिमटा काढताच हवा धो धो आली आणि सॅच्युरेशन चढलं असेल, तर दुसरं कारण शोधायची फारशी गरज नाही. चिमटा काढूनही काहीच आलं नसेल तर नळी आधीच आतून बंद होती, असं मी म्हणेन, आणि मग चिमटा लावणाऱ्याला एकट्याला धरणं बरोबर नाही.

तुमच्या वडिलांना अजून नळी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढचं जास्त महत्त्वाचं.

बाटली कायम छातीच्या खाली, पलंगावर असताना जमिनीजवळ. स्ट्रेचरवर नेताना ती पेशंटच्या पायांमध्ये किंवा पोटावर ठेवू नका म्हणावं. एक माणूस ती हातात, स्ट्रेचरच्या खालच्या पातळीवर, सरळ धरून चालेल. वर उचलली तर पाणी छातीत उलटं जातं. बाटलीतल्या नळीत पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का, तुम्हीही बघू शकता. ते हलायचं थांबलं तर दोन अगदी उलटे अर्थ निघतात. फुफ्फुस पूर्ण फुललं, किंवा नळी बंद पडली. पेशंट आरामात बोलतोय, सॅच्युरेशन चांगलं आहे तर बहुधा पहिला, आणि एक्स-रे तो ठरवेल. अस्वस्थ आहे, नाडी पळते आहे, घाम सुटलाय तर एक्स-रेची वाट बघायची नाही. सिस्टरांना बोलवा आणि त्या येईपर्यंत नळीवर छातीपासून सुरुवात करून बाटलीपर्यंत हात फिरवा, म्हणजे ती कुठे अंगाखाली दाबली गेलीय, पलंगाच्या कठड्यात अडकलीय किंवा पिळली गेलीय का ते कळेल. चिमटा दिसला तर ओरडून सांगा. बाटलीचा जोड सुटून नळी मोकळी लोंबत असेल तर तिला चिमटा नाही लावायचा, ते टोक जवळच्या निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत दोन बोटं खोल बुडवून धरायचं. तात्पुरती झडप तयार झाली.

डॉक्टरांसाठीही क्रम हाच आहे. नळी असलेला पेशंट कोसळला तर आधी चिमटा आणि तोटी उघडा, पीळ काढा, सक्शन सोडवा, तरी फरक नाही तर नळी बाटलीपासून काढून मोकळी करा. टेन्शनमध्ये छातीत हवा शिरण्याची भीती नसते, ती बाहेर यायलाच धडपडत असते. एवढ्यानेही सुटलं नाही तर हवा काढायला छातीत सुई, आणि लगेच नवी नळी.

पुढच्या वेळी त्यांना एक्स-रेला किंवा सीटीला न्यायला कुणी आलं आणि हातात आर्टरी फोर्सेप दिसला, तर भांडू नका. एकच विचारा, 'आत्ता खोकल्यावर बुडबुडे येतात का, बघितलंत?' आणि वडिलांना तिथल्या तिथे खोकायला सांगा. बुडबुडे दिसले की तो फोर्सेप खिशात परत जातो, असा माझा अनुभव आहे.